जवसाच्या तेलाला लागलेलं ऊन

साकोलीत हमरस्त्यावरच्या एका दुकानाच्या दर्शनी फळीवर जवसाच्या तेलाच्या पारदर्शक बाटल्या उन्हात झळाळत होत्या. इतक्या, की नागझिऱ्याचा वाघ रस्ता ओलांडायला आला असता तर डोळे चोळत माघारी फिरला असता. त्या सोनेरी रंगाला भुलून मी एक घेतली. घरी येऊन झाकण उघडलं आणि खोलीभर जुन्या वार्निशाचा वास पसरला. बाटली तशीच हातात धरून उभा राहिलो. मन मात्र एकोडीला, माझ्या मोठ्या आईच्या अंधाऱ्या कोठीखोलीत जाऊन बसलं.

मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिच्या नाकावर गावाचा भरवसा होता. सानगडीच्या घाण्यावर तेल जरा करपलं तर एकोडीत हिला शिंक येते, असं मी शपथेवर सांगत फिरायचो. धान उभं असतानाच बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, ओलीवर फेकलेल्या जवसाचं तेल घाण्यावरून आलं, की ती ते चिनी मातीच्या बरणीत गळ्यापर्यंत भरायची, वर हवेला जागा ठेवायची नाही. बरणीला जुन्या लुगड्याचं अंगडं घालून ती सगळ्यात काळ्या कोपऱ्यात ठेवायची. तो कोपरा असा, की अमावास्येनं तिथून अंधार उसना न्यावा. “तेलाले उजेड सोसत नाही,” यापलीकडे ती कारण सांगत नसे.

पुढे बायकांच्या बचत गटानं तेल विकायला काढलं. मोठ्या आईनं तपकिरी बाटल्या निवडल्या, तर बाजारात गिऱ्हाईक म्हणू लागलं, “काळ्या बाटलीत काय लपवून राहिल्या, बाई? पामतेल टाकलं का?” भेसळीच्या दिवसांत लोकांना तरी दोष कसा द्यावा! पण तिच्या ते काळजाला लागलं. जन्मभर तेलाला उजेडापासून जपणारी ती बाई हट्टानं म्हणाली, “मंग काचेसारख्या आणा. पाहू द्या लोकायले.” खरेपणा दिसावा म्हणून बाटल्या ओसरीच्या फळीवर भर उन्हात उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकासमोर झाकण काढून ती सुंगायची, “बरं आहे,” म्हणायची, आणि त्या दोन शब्दांवर तेल घरोघरी जायचं.

एका दुपारी सानगडीची एक बाई बाटली घेऊन तणतणत आली. “काकू, हे तेल आहे का दाराले लावाचा रंग? घरच्यायनं ताट ढकलून देलं ना!”

मोठ्या आईनं डोळे मिटून लांब श्वास घेतला. “बरं तं आहे. काहून ओरडून राहिली?”

ओसरीत बाटल्या पुसत बसलेल्या गटातल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मला दारातून वास येत होता, आणि हे मी फुगवून सांगत नाही. कधी कोण जाणे, अंगातून काही चोरीला जावं तसं तिचं नाक गेलं होतं. तिनं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग ती माझ्याकडे वळली.

“तू तं लबाडायचा सरदार. आज खरं सांग. खराब झालं?”

“बरं आहे” म्हटलं असतं तर चारचौघींत तिची लाज राहिली असती. पण फळीवरच्या साऱ्या बाटल्याही तिच्याच शब्दावर कुणाच्या ना कुणाच्या ताटात गेल्या असत्या.

“खवट झालं, मोठी आई. उन्हानं.”

ती उठली आणि तिनं बाटल्या एकेक करून स्वतः खाली उतरवल्या. “ज्यायनं नेलं त्यायले वापस आणाले सांगा,” एवढं बोलून आत गेली. त्यानंतर तिनं कधी कुणाचं तेल सुंगलं नाही. ते तेल आम्ही दाराच्या चौकटींना चोळलं. मला छळत राहिला तो त्याचा रंग: आतून सगळं विटलं तरी वरून तसाच सोनेरी. माणसाचं काय काय असं आतल्या आत उडून जातं, आणि आपण समोर बसून चहा पीत असतो.

आता ती फार थकली आहे. परवा गेलो, तर ओसरीत टेकून बसलेली. “बाहेर कायचा वास येऊन राहिला रे?” तिनं विचारलं. धान फुलोऱ्यावर आलं होतं. मी जमेल तसं, काही न वाढवता सांगितलं: तळाशी चिखलाचा, वर कोवळ्या दुधासारखा. तिनं मान उचलली, सावकाश श्वास घेतला.

“हो,” ती म्हणाली, “येऊन राहिला.”

खरंच आला असेल, की माझं मन राखलं? इतकी वर्षं तिला थापा मारत आलो; तिची ही एक तपासून पाहायची हिंमत मला झाली नाही.