गांगह्वा बेट आणि सोहारची बरणी

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. कोरियाला जाऊन आलो म्हटल्यावर मित्रमंडळी प्रवासवर्णन लिही म्हणून मागे लागली. मी थंडीचं, डोंगरांचं, जेवणाचं काहीबाही सांगून वेळ मारून नेली. प्रवास लिहायचा तर मी का गेलो तेही लिहावं लागलं असतं. आता वय झालं आहे, आणि टाळून टाळून किती टाळणार?

मी मूळचा अंजनवेलचा, दाभोळ खाडीच्या दक्षिण काठचा. ओमानमध्ये सोहार औद्योगिक वसाहतीजवळच्या एका कामगार कॅम्पची मेस मी सांभाळत असे. कॅम्पात काही कोरियन इंजिनियर राहत, त्यांतला एक यून. ओळख झाली त्याच दिवशी त्याने माझं वय विचारलं आणि तेव्हापासून मला ह्योंगनिम (थोरले दादा) म्हणू लागला. किचनमध्ये दाऊदभाई होते, खाडीच्या पलीकडच्या काठचे, दाभोळचे. घरून एकमेकांच्या गावचे दिवे दिसायचे आणि भेटलो मात्र सोहारला. त्यावरून आमची रोज थट्टा चालायची. ते म्हणत, भाऊ, तुमचा काठ नुसता बघायचा, पोटाला घालणारा काठ आमचा.

यूनची एक बरणी आमच्या कोल्डरूममध्ये असे. तिच्यात सलगमाची किमची (तिखट, आंबवलेलं लोणचं) होती. एका शुक्रवारी मी कोल्डरूम आवरायला घेतली. बरणीचं झाकण फुगलेलं, उघडलं तर आत बुडबुडे. आमच्याकडे लोणचं फसफसलं की गेलं, ते माणसाच्या ताटात वाढत नाहीत. मी ते कचऱ्याच्या पेटीत ओतलं, बरणी गरम पाण्याने घासली आणि उन्हात उपडी घातली. वर मनात म्हटलं, बिचारा यून, वेळेवर आपलं लक्ष गेलं म्हणून वाचला.

संध्याकाळी यून ती रिकामी बरणी हातात घेऊन उभा राहिला. आई वसंतात गेली, तिच्या हातची ही शेवटची होती, एवढंच तो बोलला. कॅम्पच्या मॅनेजरने मला विचारलं, कोणी केलं हे? मी म्हणालो, "कोल्डरूमची सफाई दाऊदकडे असते."

वाक्य खरं होतं. खोटं त्याच्या पोटात होतं. दाऊदभाई नाही नाही म्हणत राहिले आणि आठवड्याच्या आत त्यांना कामावरून काढलं. पुढे खाबुरा गावातल्या एका ओळखीच्या अर्बाबला (मालकाला) मी शब्द टाकला आणि त्यांना तिथल्या एका खानावळीत लावून दिलं. पण कॅम्पात त्यांचं नाव 'बरणीवाला' पडलं ते पडलंच.

मी निवृत्त होऊन मस्कतच्या माबेला भागात मुलाकडे राहायला गेलो, त्या सुमारास यूनचा फोन आला. तोही नोकरी सोडून गावी परतला होता. म्हणाला, इथे किमची घालायचे दिवस आलेत, ह्योंगनिम, यल्ला (चला), या. मी त्याच दमात हो म्हटलं. समोरासमोर बसून त्याला खरं सांगायचं, एवढ्यासाठी मी मस्कतहून विमानात बसलो. सामानात मुलाचा जुना स्वेटर आणि ओमानी हलव्याचा मोठा डबा होता.

इंचन विमानतळाबाहेर पडलो तेव्हा थंडीने कान जळू लागले. यूनने मला घट्ट मिठी मारली, माझा स्वेटर चिमटीत धरून पाहिला आणि स्वतःचा कोट काढून माझ्या अंगावर घातला. गाडी तासाभरात एका पुलावर आली. खाली गढूळ, वेगाने धावणारं पाणी. मी विचारलं, ही नदी कोणती? यून हसला. ही नदी नव्हेच. हिला योमहा (खारी नदी) म्हणतात, पण आहे ती समुद्राची चिंचोळी पट्टी. तिच्यापलीकडे गांगह्वा.

मला काही नवं वाटेना. सोलहून येणारी हान नदी जिथे समुद्राला मिळते तिथे तोंडावरच हे बेट आडवं बसलेलं आहे, आमच्या खाडीच्या तोंडाशी गोपाळगड बसलाय तसं. ज्याच्या हातात बेट, त्याच्या हातात राजधानीचा जलमार्ग. म्हणून काठाकाठाने दगडी बुरूज आणि तोफांच्या जागा. ओहोटी लागली की पाणी इतकं दूर जातं की मैलभर नुसता करडा चिखल उघडा पडतो आणि त्यात खेकडे पळत असतात. उधाणाला तेच पाणी बुरुजांच्या पायाशी येतं. मंगोल घोडेस्वारांनी सगळा देश तुडवला तेव्हा राजा दरबारासकट या बेटावर येऊन राहिला. समोरच्या काठावरून मंगोलांना बेट दिसत होतं, पण एवढंसं पाणी काही त्यांना ओलांडता येईना. शेकडो वर्षांनी फ्रेंच, अमेरिकन आणि जपानी जहाजं आली, तीही याच दारातून. एका बुरुजापाशी म्हातारं पाइनचं झाड आहे. तोफगोळ्याचा वण त्याच्या खोडावर अजून दिसतो.

यूनच्या घरी पहिलाच घोटाळा मी केला. कोरियन घरात जमीन खालून तापवलेली असते. मला ते ठाऊक नव्हतं. हलव्याचा डबा मी खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला आणि जेवायला गेलो. परत येतो तो हलवा पातळ होऊन झाकणाखालून बाहेर निघालेला. यूनच्या बायकोने ते पाहिलं, चमचा आणला, जमिनीवर बसून डब्यातला हलवा चाखला आणि यूनला काहीतरी म्हणाली. यूनने भाषांतर केलं, "म्हणतेय, ओमानचं सूप छान आहे." बाई दिसायला गंभीर, पण जीभ अशी होती.

दुसऱ्या दिवशी अंगणात किमचीचा घाट. त्याला किमजांग म्हणतात. सगळ्या आळीच्या बायका जमतात, आज या घरची तर उद्या त्या घरची, आपल्याकडे पापड लाटायला जमतात तसं. गांगह्वाचं सलगम वेगळं, बाहेरून जांभळट आणि चवीला झणझणीत. फेसलेल्या मोहरीची आठवण यावी असं. मला लाल हातमोजे देऊन मसाला चोळायला बसवलं. मी मेसच्या सवयीने हात चालवू लागलो, तशी एक आजी माझ्या मनगटावर चापट मारून म्हणाली, हा माणूस किमची घालतोय की कपडे धुतोय? बायका हसून लोटपोट. मग तिनेच एक फोड पानात गुंडाळून माझ्या तोंडात कोंबली. डोळ्यांतून पाणी आलं. तिखट फार होतं म्हणून मी सांगितलं, आणि ते अर्धं खरं होतं.

त्या दिवशी मला यूनला सांगायचं होतं. पण तो इतका खुशीत होता, शेजारणींना ओरडून "यल्ला, यल्ला" म्हणत होता आणि त्याही यल्ला म्हणू लागल्या होत्या. मी उद्यावर टाकलं.

तो उद्या उजाडला आणि आम्ही बेटाच्या उत्तर टोकाला गेलो. तिथल्या टेकडीवरून उत्तर कोरिया दिसतो. मध्ये नदीचं रुंद तोंड, पलीकडे शेतं, घरं, दुर्बिणीतून तर सायकलवरचा माणूससुद्धा. यूनची आई मूळची त्या काठची. लढाईत लहानपणी होडीने इकडे आली आणि पाणी ओलांडून परत जाणं तिला आयुष्यात जमलं नाही. टेकडीवर एक दगडी ओटा आहे. ज्यांची गावं पलीकडे राहिली ते सणाला त्यावर नैवेद्य मांडून पलीकडच्या पूर्वजांना नमस्कार करतात. तिथे भाजलेली रताळी विकणाऱ्या एका बाईने मला विचारलं, तुमचं गाव कुठलं? मी सवयीने ओमान म्हणालो, मग इंडिया म्हणालो. यूनने तिला समजावलं की हा माणूस खाडीच्या एका काठचा आहे आणि त्याचं गावही समोरच्या काठावरून दिसतं. तिने लगेच विचारलं, "मग तुम्हाला पलीकडे जाता येतं?" मी म्हणालो, होडी असते, हवं तेव्हा. तिने मला एक रताळं जास्त दिलं. नशीबवान माणसाला द्यावं तसं.

शेवटच्या दिवशी यून मला खाऱ्या नदीच्या सर्वांत अरुंद जागी घेऊन गेला. बुरूज पाण्यात नाकासारखा घुसलाय आणि खाली पाणी गरगरत असतं. तिथे उभं राहून त्याने सोनदोल नावाच्या नावाड्याची गोष्ट सांगितली. पळून येणाऱ्या राजाला तो बेटावर नेत होता. इथे आल्यावर पुढे वाट बंद झाल्यासारखी दिसते आणि सोनदोल नाव सरळ भोवऱ्याकडे नेऊ लागला. राजाला वाटलं, हा दगा देणार. त्याने शिरच्छेदाचा हुकूम दिला. मरण्याआधी सोनदोलने एक भोपळा पाण्यात सोडला आणि सांगितलं, याच्या मागे जा. भोपळ्यामागून नाव सुखरूप पार झाली. राजा पस्तावला, त्याने नावाड्याचं देऊळ बांधलं. थडगं समोरच्या काठावर आहे, आणि या दिवसांत सुटणाऱ्या गार वाऱ्याला लोक सोनदोलचा वारा म्हणतात.

मी विचारलं, "राजाने त्याच्या घरच्यांची माफी मागितली का?"

यून म्हणाला, "गोष्टीत तसं नाही."

मग मी सांगितलं. बरणी मी ओतली, मी धुतली, आणि दाऊदचं नाव मी घेतलं. वारा इतका होता की मला मोठ्याने सांगावं लागलं. अशा गोष्टी माणूस हळू आवाजात सांगायच्या ठरवतो.

 यून म्हणाला, "फार स्वच्छ धुतली होतीत." आणि हसला. मीही हसलो, सुटल्यासारखा. पण त्याचं हसू लगेच थांबलं.

"माझी किमची गेली, ह्योंगनिम. त्याची नोकरी गेली. हे मला कशाला सांगता?"

पुढे तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. विमानतळावर मात्र त्याने मला पुन्हा तशीच मिठी मारली आणि कोट परत घेतला नाही.

मस्कतला उतरल्यावर दोन दिवसांत मी मुलाला खाबुऱ्याला गाडी घ्यायला लावली. वाटभर दोन्हीकडे खजुराच्या बागा, डोक्यात वाक्यं जुळवत होतो. दाऊदभाई बाजाराजवळच्या खानावळीत होते. मला पाहताच कढईवरचा झारा तसाच घेऊन बाहेर आले.

"काय भाऊ, आमच्या काठाला शेवटी लागलात म्हणायचं."

त्यांनी मला पंख्याखालच्या टेबलावर बसवलं, सुरमई तळून आणली, समोर बसून काटे काढून दिले. गिऱ्हाइकांना हाका मारून सांगू लागले की हे आमच्या समोरच्या गावचे, यांनी शब्द टाकला म्हणून माझं बस्तान बसलं. एक म्हातारा ओमानी उठून माझा हात हातात घेऊन गेला. मी जेवत राहिलो. इतकं चांगलं जेवण मी कधी जेवलो नव्हतो आणि इतकं जड कधी गिळलं नव्हतं.

कोरियाचं मी सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले.

"तो यून अजून रागावलेला आहे का हो माझ्यावर? भाऊ, अल्लाची शपथ, मी नव्हती फेकली."

"त्याला माहीत आहे," मी म्हणालो. "त्याला कळलं, तुम्ही नव्हतं केलं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. ओढणीने पुसावेत तसे त्यांनी खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले. खलास, म्हणाले, सुटलो. मग सहज विचारलं, "मग फेकली कोणी?"

घास माझ्या हातात होता. मुलगा माझ्याकडे बघत होता, त्यालाही काही माहीत नव्हतं.

"ते काही कळलं नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, आणखी एक तुकडी माझ्या ताटात घातली आणि दुसरं काही बोलू लागले. पुढच्या वर्षी ते कायमचे दाभोळला परतले. मी अंजनवेलला जाईन तेव्हा होडीने पलीकडे जाऊन सांगू, असं ठरवलं होतं. होडी रोज असते. मी गेलो तोवर ते वारले होते. त्यांच्या मुलीने मला चहा दिला आणि अब्बा तुमचं नाव फार घ्यायचे म्हणाली. तिलाही मी काही सांगितलं नाही.

खाबुऱ्याच्या वाटेवर जुळवलेली वाक्यं मला अजून पाठ आहेत. ती अशी होती: दाऊदभाई, ती बरणी मी फेकली. फसफसलेलं बघून खराब झालं असं मला वाटलं, ती चूक होती. तुमचं नाव घेतलं ती चूक नव्हती, ते मी समजून केलं. मला माफ करा.