उधाणातली हजेरी

गडहिंग्लजहून निघालेली बस उजाडता उजाडता कळंबोलीला माणसं उतरवते आणि पुढे मुंबईकडे निघून जाते. उड्डाणपुलाखाली उभं राहून मी पिशवी खांद्यावर सारखी केली. पिशवीत दोन कपडे होते, वडिलांनी बांधून दिलेले काजूगर होते आणि एक भांडण होतं. काजूगर नचिकेतसाठी होते. भांडणही त्याच्याचसाठी.

आमच्या गावच्या वाचकांना माझ्या वडिलांचा छापखाना ठाऊक आहे. मी पत्रकांवर वाढले. घरात फरसाण खाल्लं तरी ते उरलेल्या पत्रकाच्या कागदावर, आणि खाऊन झालं की वडील मजकूर मोठ्यानं वाचायला लावायचे. त्यामुळे नचिकेत आणि मी उलव्याच्या एका फ्लॅटमध्ये मोबाइलवरचा वर्ग सुरू केला, तेव्हा पहिलं काम मी काय केलं, तर पत्रक लिहिलं. 'आपल्या भाषेत विज्ञान शिकणं ही सवलत नाही, हक्क आहे.' नचिकेत म्हणाला होता, "अनू, ॲप बनवतोय आपण, मोर्चा नाही." पण त्यानंच ते पत्रक खाडीकाठच्या गावांत दारोदार वाटलं.

पुढे वडील आजारी पडले आणि मी गावी परतले. संध्याकाळी सातचा दहावीचा वर्ग तेवढा मी घरून घेत राहिले. कंपनी वाढली, सीवूड्सला गेली, तिथे इंग्रजीतले वर्ग आले. आणि गेल्या आठवड्यात नचिकेतचा निरोप आला: मराठी वर्ग जूनपासून बंद करावा लागेल. तोच वाचवायला मी निघाले होते.

निघताना वडील एवढंच म्हणाले, "भांडायला जातेयस की भेटायला?"

"भांडायला," मी म्हटलं.

"मग काजूगर कशाला नेतेस?"

सीवूड्सला पोचले तेव्हा मॉलचे दरवाजे बंद होते आणि बाहेर सफाईवाले पाण्याचे फवारे मारत होते. नव्या ऑफिसचा पत्ता शोधताना मी एकाच सेक्टरात दोनदा फिरून त्याच मेडिकलसमोर आले. दुसऱ्या वेळी वॉचमननं विचारलं, "मॅडम, फ्लॅट बघायचाय काय?" मी नाही म्हटलं, तर म्हणाला, "मग टेन्शन नाही. फ्लॅट बघणारेच इथे हरवतात."

नचिकेत दारातच उभा होता. बारीक झालाय. मला बघून त्यानं आधी पिशवी घेतली, मग डबा उघडून उभ्या उभ्याच काजूगर तोंडात टाकला. तेवढ्या वेळात माझं निम्मं भांडण विरघळलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"कारण सांग," मी म्हटलं.

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझ्या वर्गात मुलं रोज किती वेळ थांबतात ते एका रेषेत काढलं होतं. रेष काही दिवस वर जायची, मग काही दिवस कोसळायची, पुन्हा वर. "पडलेले दिवस बघ. मुलं सातला येतात, 'हजर'चं बटण दाबतात आणि मिनिटभरात निघून जातात. ज्यांचा पैसा लागलाय ते म्हणतात, पोरांना हे नकोय."

"मुलांना विचारलंत?"

"मेसेज पाठवले. उत्तर नाही आलं."

"दारात जाऊन विचारलंत?"

त्यानं डब्याचं झाकण लावलं. पूर्वी दारात जाणारा तोच होता. मी म्हटलं, "आलेख काढणं म्हणजे विचारणं नव्हे, नचिकेत. ज्या मुलांना कुणीच काही विचारत नाही, त्यांच्यासाठी आपण हे सुरू केलं. आता आपणही न विचारता त्यांना काढून टाकणार असू, तर आपल्यात आणि बाकीच्यांत फरक काय?" हे बोलताना माझा आवाज चढला. खरं सांगायचं तर मला त्या रेषेची भीती वाटली होती. मुलं मलाच कंटाळली असतील तर?

"जा तू," तो म्हणाला. "बघून ये. मग बोलू."

मला वाटलं होतं, तो सोबत येईल.

सीवूड्सहून उरणकडे जाणारी गाडी दुपारी अर्धी रिकामी असते. दोन्ही बाजूंना तिवरांचं रान, मधे चिखलाचे करडे पट्टे, त्यावर एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी. खारकोपरला उतरून मी रिक्षानं आमच्या जुन्या इमारतीवरून गेले. आमच्या खिडकीत कुणाचे तरी लहान मुलाचे कपडे वाळत होते. समोरचा मोकळा माळ गेला होता, तिथे तीन टॉवर उभे होते, आणि नव्या विमानतळाकडे वळणारं एक विमान इतकं खाली आलं की रिक्षावाल्यानं बोलणं थांबवून वाट पाहिली. त्या खिडकीत आम्ही दोघं भाड्याची काळजी करत चहा प्यायचो. तीच खिडकी खालून बघणं मला वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं.

मी तन्वीच्या गावी निघाले होते. तन्वी माझ्या वर्गातली सर्वांत जास्त प्रश्न विचारणारी मुलगी. तिचा आवाज ओळखीचा, चेहरा कधी पाहिला नव्हता. गाव खाडीच्या काठाला आहे. धक्क्यावर होडी नव्हती. दोरखंड, उलट्या टोपल्या आणि एक झोपलेलं कुत्रं. वाट सोडून जवळून जावं म्हणून मी कडेच्या चिखलात पाय टाकला आणि चप्पल तिथेच राहिली. मागून हसण्याचा आवाज आला.

"तिथून कोन जातं गो? पानी उतरलंय, चिखलच हाय सगला."

ही तन्वीची आई, ज्योत्स्ना. तिनं काठीनं चप्पल काढून दिली, पायावर पाणी ओतलं, आणि मी कोण ते सांगितल्यावर आधी माझ्याकडे, मग चपलेकडे बघितलं. "फोनवर तर लय मोठ्या वाटता तुमी," ती म्हणाली.

जेवायला तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं (खाडीतल्या खेकड्यांचं) कालवण होतं. नांगी फोडायचं मला जमेना. समोर बसलेल्या तन्वीनं ती माझ्या हातातून घेऊन दातांनी फोडून दिली. "मॅडम, तुमी आम्हाला तरफ शिकवता ना," ती हसून म्हणाली, "मग ही पन तरफच हाय."

मी वर्गाबद्दल विचारलं नाही. मनात ठरवलं होतं, सातला इथेच अंगणात बसून वर्ग घ्यायचा आणि मुलगी मिनिटभरात का उठते ते डोळ्यांनी बघायचं.

सात वाजले. मी माझा फोन मांडीवर ठेवला आणि वर्गाची घंटा दाबली. ही घंटा मुलांच्या फोनवर खणखणते. आमच्या गावच्या शाळेच्या घंटेचाच आवाज आम्ही त्यात भरलाय. तन्वी माझ्यासमोर पाटावर वही घेऊन बसली होती. तिच्या हातात फोन नव्हता.

पडद्यावर नाव उमटलं: तन्वी, हजर.

मी तिच्याकडे बघितलं. पुन्हा पडद्याकडे बघितलं. तिच्या आळीतल्या आणखी दोघातिघांची नावं पटापट आली. आणि थोड्याच वेळात सगळी एकेक करून विझली.

"अगं, तू तर इथे बसलीयेस."

तन्वीनं वहीत तोंड लपवलं. "बाबा हाय तो," ती म्हणाली.

ज्योत्स्ना भांडी घासता घासता बोलू लागली. घरात फोन एकच. उधाण (पुनवे-अवसेच्या आसपासची मोठी भरती) असलं की खाडीत मासळी असते, बाप्ये होड्या घेऊन जातात आणि फोन त्यांच्याबरोबर जातो. दर्यावर अडचण आली तर हाक मारायला दुसरं काय आहे? भांग (अष्टमीच्या सुमाराची मंद भरती) लागला की होड्या धक्क्याला, फोन पोरीकडे. "आता उधान हाय. सातला तुमची घंटा वाजली का होडीवर सगल्यांचे फोन बोंबलतात. पहिल्यांदा खलाशी हसले, बोलले, नाखवा, शाला भरली तुमची, चला बाकावर बसा. तर तन्वीचा बापूस काय बोलला? पोरीचा खाडा नको परायला. ओल्या हातानं बटन दाबलान, नि फोन परत पिशवीत. आता सगलेच दाबतात."

"पण तन्वीचा धडा बुडतो त्याचं काय?"

"बुडतो," ज्योत्स्ना म्हणाली. "पन नाव तरी र्‍हातं."

मी फोन बाजूला ठेवला आणि समोर बसलेल्या एका मुलीला त्या संध्याकाळचा धडा शिकवला. शेजारची मुलं आवाज ऐकून आली. ती सगळी माझ्याच वर्गातली होती.

दुसऱ्या सकाळी नचिकेत मला सीवूड्सच्या मागच्या खाडीवर घेऊन गेला. मी सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग त्यानं फोनवर तो आलेख पुन्हा उघडला.

"म्हणजे ती रेष..."

"भरती-ओहोटीची होती. माझ्या शिकवण्याची नव्हती आणि मुलांच्या आळसाचीही नव्हती. वेळापत्रक बदल. भांगात वर्ग घेऊ, उधाणात सुट्टी देऊ."

"अनू, मला पटतंय," तो म्हणाला. "पण मी हे पैसेवाल्यांपुढे मांडलं, तर ते म्हणतील, तिथीवर चालणारा वर्ग विकायचा कुणाला?"

"विकायला सुरूच केला नव्हता आपण."

"मला माहितेय." त्यानं मान वळवली. "माझ्या हातात आता तेवढं राहिलं नाहीये, यार. वर्ग तू ने. ॲपमधली खोली, घंटा, हजेरीचं बटण, सगळं वेगळं काढून तुझ्या नावावर करून देतो. तेवढं मी भांडून घेईन."

मी जिंकले होते, निदान पत्रकात तसं छापता आलं असतं. पण मला वर्ग एकटीला नको होता. आमचा हवा होता. चिखलावरचे रोहित पक्षी एकदम उठले आणि खाडीपलीकडे गेले. 'चल माझ्याबरोबर' हे मी म्हटलं नाही. 'परत ये' हे तोही म्हणाला नाही. त्यानं रिकामा डबा धुऊन आणला होता. तो माझ्या पिशवीत ठेवून चेन त्यानंच लावली.

घरी आल्यावर वडिलांनी डबा हलवून बघितला. "भेट झाली म्हणायची," ते म्हणाले.

आमच्या गावाजवळ समुद्र नाही. तरी आता मी अष्टमीची वाट बघते. भांग लागला की वर्ग भरतो, तन्वी प्रश्नांनी भंडावून सोडते, मागे जाळं विणणाऱ्या बापाचा खोकला ऐकू येतो. उधाणात शिकवणं नसतं, हे मी सर्वांना सांगितलंय. पण सातची घंटा मी बंद केलेली नाही. होडीवर कुणी तिची वाट बघत असतं. घंटा वाजते, नावं उमटतात, विझतात. मी एकेकाची हजेरी लावते.

परवा पुनवेला तन्वीचं नाव येऊन गेलं, तिच्या शेजाऱ्यांची गेली. पडदा रिकामा झाला म्हणून मी उठणार, तेवढ्यात आणखी एक नाव उमटलं: नचिकेत, हजर. मी हाक मारेपर्यंत ते विझलंही होतं.

मी त्याचा खाडा मांडला नाही.