खांड

पार्किंगमधून खाऱ्या चिखलाचा वास आला, की ती अमावस्येची दुपार आठवते. कॉलेजात असताना मी आणि एक मित्र सायकलींवर कोकणात निघालो होतो. उलव्याजवळ खाडीच्या बांधाआड, सुक्या शेतात तंबू ठोकून आम्ही स्टोव्हवर चहा ठेवला. मासळीची पाटी घेऊन बांधावरून जाणारी एक म्हातारी थांबली. "पोरांनो, उठा. आज उधान हाय, खांड जाईल." आम्हाला खांड म्हणजे साखर एवढंच ठाऊक. मित्र म्हणाला, "जाऊ दे आजी, बिनसाखरेचा पिऊ." ती हसली नाही, बांधाकडे बघत झपाझप निघून गेली. मग बगळे उडाले. तंबूखालची जमीन गार लागली. बाहेर पाहिलं तर बांधाला भगदाड पडलं होतं, हीच तिची खांड, आणि पाणी आवाज न करता आमच्याकडे येत होतं. आम्ही सायकली घेऊन पळालो, तंबू तिथेच राहिला. त्या शेतावर आता आमची सोसायटी आहे. आज अमावस्या, आणि पार्किंगची फरशी गार लागतेय.