बाईंचं लाटणं

सुमे, दवाखान्याच्या बाकावर आज गाठलंच तुला, जवळ ये. कान इकडे कर, मोठ्यानं बोलायला आता दम पुरत नाही. चार वर्षं झाली गं! तुला मुरगूडला दिलंय, परदेशात नाही. दवाखान्याला येतेस, बाजाराला येतेस, आणि माझं घर आलं की पलीकडच्या कडेनं जातेस. म्हातारीला दिसत नाही वाटतं? तुझी चाल मी शंभर बायकांत ओळखते.

असू दे. रागावायला बसले नाही. तुझ्या बाईंचं सांगायचंय.

शाळेतल्या खेळाच्या बाई माझ्या माडीवर राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत एक लाटणं होतं. मला वाटलं, बाईमाणूस एकटी राहणार, चार चपात्या लाटत असेल. त्या लाटण्यानं चपाती कधी पाहिलीच नाही! कुस्तीच्या, कबड्डीच्या, पळणाऱ्या पोरी यायच्या, आणि बाई त्यांच्या मांड्यांवरून, खुब्यावरून ते सावकाश फिरवायच्या. गल्लीत त्यांचं नावच पडलं, लाटणंवाल्या बाई.

बाई मटण खात नसत. पण रविवारी मी मटण धुवायला बसले, की शेजारी येऊन उभ्या. "आक्का, ती वरची पांढरी कातडी दावा की." मग तुम्हा पोरींना हाक. "बघा गं. असलंच पातळ पांघरूण आपल्या मांसाला बी हाय. ते चिकटून बसलं की खुबा आखडतोय. वढून फाटंल, सुटायचं न्हाय." त्याला फॅशिया म्हणतात, हे त्यांना पुढं मोबाइलवर कळलं. "नाव कायबी असू दे," म्हणाल्या, "आक्काच्या पातेल्यात मी ते आधीच बघितलंय."

त्यांची रीत मला पाठ झाली होती. पोरीला कबुतरासारखं बसवायचं, एक पाय पुढं दुमडून, दुसरा मागं लांब. नाहीतर बुडाखाली टेनिसचा बॉल देऊन आडवं करायचं. आणि विचारायचं, "सकाळी काय खाल्लंस?" पोरगी भाकरीपासून ठेच्यापर्यंत सांगत सुटायची, बोलता बोलता श्वास पोटात उतरायचा, आणि खुबा आपसूक सैल व्हायचा. "वढायचं न्हाय, थांबायचं," हे त्यांचं एकच शास्त्र.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तुला उकिडवं बसता येईना. बाई म्हणाल्या, "म्हशीची धार काढणारी पोरगी न् उकिडवं बसंना?"

"हॉस्टेलवर खुर्ची हाय की, बाई."

"मग खुर्चीसंगंच कुस्ती खेळ जा!"

किती हसलीस! तीन महिन्यांत माझ्या अंगणात टाचा टेकून बसलीस, आणि बाई मला म्हणाल्या, "आक्का, ही पोरगी लांब जाणार."

पुढचं तुला ठाऊक आहे. पण मी दारात उभी होते, माझ्या बाजूनं ऐक. कुस्तीच्या संघाच्या निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी तू आलीस. खुबा पुन्हा धरलेला. बाईंनी हात लावला आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस आखाड्यात पाय ठेवायचा न्हाय." तू त्यांचे पाय धरलेस. "बाई, ही निवड गेली तर घरात लगीन लावत्यात. उद्यापुरतं सोडवा."

त्या दिवशी बाईंनी तुला सकाळी काय खाल्लंस ते विचारलं नाही. तुझा गुडघा धरला आणि ओढला. तू ओठ चावलास आणि म्हणालीस, "सुटलं, बाई."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच कुस्तीत खुब्यातला स्नायू फाटला. तुला उचलून बाहेर आणलं. महिन्या-दोन महिन्यांत लग्नही झालं.

त्यानंतर बाईंनी एकाही पोरीला हात लावला नाही. लाटणं माझ्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं. "चपात्या लाटा ह्यानं, आक्का." माझा हात होत नाही. रविवारी मटण धुते, शेजारी कुणी येऊन उभं राहत नाही.

गेल्या श्रावणात बाई माडीच्या जिन्यावरून घसरल्या. खुबाच मोडला. ऑपरेशन झालं, पण पाय हलवला नाही तर आखडून बसणार, असं डॉक्टरांनी बजावलं. व्यायाम द्यायला एक मुलगी येते. बाई भिंतीकडे तोंड करतात. मी रागावले तर म्हणाल्या, "सुमीचा खुबा सुटला न्हाय, माझा कशाला सुटाय पायजे?"

परवा मीच त्यांच्या मांडीवर हात ठेवला. जळणाचं लाकूड गं नुसतं. मला दुसरं काही येत नाही, म्हणून विचारलं, "बाई, सकाळी काय खाल्लंत?" हसल्या. "तुमच्याच हातचं की, आक्का." आणि मग जे रडू लागल्या, ते मला थांबवता आलं नाही.

डॉक्टर म्हणतात, आणखी महिनाभर असंच गेलं तर पाय कायमचा गेला. मला आता फारशी आशा वाटत नाही, सुमे. तू त्यांना माफ कर, असंही मी म्हणत नाही. पाय तुझा आहे, दुखणं तुझं आहे. पण माझा हात त्यांना लागत नाही, त्या मुलीचा नको वाटतो. तुझा हात त्या झिडकारायच्या नाहीत, एवढं मला कळतं.

लाटणं धुऊन ठेवलंय. लवकर ये. बाईंना आता खाली पुढच्या खोलीत आणलंय, तुला जिना चढावा लागायचा नाही.