ताईच्या मेंदूचं माप

माझ्या बहिणीचा मेंदू दरवर्षी थोडा थोडा आकसत होता. आणि तिच्याआधी ते मला कळायचं.

सुनंदाताई. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, मध्यप्रदेशातल्या बालाघाटच्या एका शाळेत शिक्षिका. चाळिशीच्या आत मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार निघाला. आधी पाय गेले, मग शब्द अडकायला लागले.

वर्षातून एकदा नागपूरला एमआरआय. दर वेळी त्याच मशीनवर. डॉक्टर जुनं स्कॅन आणि नवं स्कॅन कॉम्प्युटरवर ताडून बघायचे, मेंदू किती कमी झाला ते मोजायचे.

एकदा ते सहज बोलून गेले, अंगात पाणी कमी असलं तरी माप थोडं कमी येतं.

ताईनं तेवढंच धरून ठेवलं.

पुढच्या खेपेला ती घरापासूनच पाणी पीत निघाली. या आजारात तिला लघवी आवरायची नाही, म्हणून एरवी प्रवासात घोटभरही घ्यायची नाही. त्या दिवशी तीनदा गाडी थांबवली, तीनदा तिला उचलून नेलं. तिनं कुरकुर केली नाही.

माप तरी कमीच आलं. आधीच्या वर्षापेक्षा जास्त कमी.

डॉक्टरांनी मला एकट्याला सांगितलं. मी बाहेर येऊन म्हणालो, "सब ठीक है ताई, पहले जैसा ही है."

परतताना वाटेत राजेगावला तिनं माझ्याकडे वळून बघितलं.

मग म्हणाली, "संजू, तुले खोटं बोलाचं असलं की हिंदी निघते."

मी गाडी बाजूला घेतली. सगळं सांगून टाकलं.

 ती एवढंच बोलली, "डोस्कं माझं हाये. आता मलेच पहिले सांगजो."

पुढच्या वर्षी तिनं स्कॅनला नाही म्हटलं. त्यापेक्षा कटंगीच्या बाजारात ने म्हणाली. आमचं लहानपण तिथलंच.

बाजारात एका ढिगाकडे तिनं बोट दाखवलं आणि अडकली. शब्द येईना. माझ्या ओठांवर आला होता, मी गिळला. विकणारी बाईसुद्धा न बोलता थांबली.

किती वेळ गेला कोण जाणे.

"शिंगाडे," ताई म्हणाली. आणि हसली.

गाडीत बसून दोघांनी खाल्ले. मी सोलून देत होतो.

त्याच हिवाळ्यात न्यूमोनियानं ती गेली. आज वर्ष झालं.

ताई, ज्याच्या अडकलेल्या शब्दाची वाट बघत थांबावं असं आता घरात कोणी नाही.

लय आठवण येते गं. तुला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.