कुंबानं परत केलेली कोलाची बी

आमच्या कोनो मुलखात पहिल्या मुलीचं नाव सिया, दुसरीचं कुंबा. सिया मी. पहिली असून मिळालं काय? बाजारात विकायला पामतेलाचा डबा! लढाई थांबली, पोलिसभरती निघाली, तेव्हा दोघी बहिणी गेलो होतो. तिला निळी वर्दी मिळाली, मला घरचा रस्ता. जळले मी, खोटं कशाला बोलू?

राजधानी फ्रीटाऊनहून शिकून ती आमच्याच गावच्या चौकीवर हवालदार होऊन आली. लढाईत वर्दीवाल्यांनीच घरं लुटलेली, त्यामुळे तिला बघून बाया पोरं आत घ्यायच्या. तरी मुखिया कोलाची बी घेऊन चौकीत गेला. आमच्यात कोला दिली म्हणजे माणूस आपलं झालं. तर ही शहाणी म्हणते, "बाबा, आम्हाला काही घ्यायची मनाई आहे. लाच होते."

झालं! म्हातारा एवढंसं तोंड करून परतला. चौकीकडे कुत्रंही फिरकेना. कोंबड्या चोरीला गेल्या, डोकी फुटली, भांडणं पुन्हा कोयत्यानं मिटू लागली. आणि मला मेलीला आनंद! "काय गं सिया, तुझी हवालदारीण माश्या मारते का?" असं कुणी विचारलं की मी त्याला पळीभर तेल जास्त घालायची.

मग एका दुपारी कुंबा साधं लुगडं गुंडाळून दुकानी आली. डोळे सुजलेले.

"ताई, तक्रारच येत नाही म्हणून साहेब चौकी बंद करतायत. मी आता तुझ्याशेजारी तेल विकते."

"बस," म्हटलं. वर्दी उतरल्यावर ती पुन्हा गावाची लाडकी. घटकाभरात माझी गिऱ्हाइकं तिच्यापुढे! "कुंबा, तुझ्या हातचं दे गं."

माझं डोकंच फिरलं. "ऊठ! मुखियाकडे जा. ती बी माग, सगळ्यांदेखत फोड. अर्धी त्याला दे, अर्धी तू खा. चारचौघांत वाटून खाल्लेली लाच कशी होईल गं, अक्कलशून्ये?"

तिनं तसंच केलं. मुखिया बी चावत हसला. दुसऱ्याच दिवशी गावानं कोंबडीचोर धरला आणि न मारता चौकीत आणला. चौकी राहिली.

आता जो तो म्हणतो, "कुंबा केवढी हुशार!" शिकवलं कुणी, कुणी विचारत नाही. परवा माझाच तेलाचा डबा चोरीला गेला. चौकीत गेले, तर आमच्या बाईसाहेब लेखणी उचलून विचारतात, "नाव?"

"सिया," मी ओरडले, "पहिली!"