मिरचीचा पदर

दिपमाला पथारीवर परत आली तेव्हा बायकांनी आधी तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत भाकरी होती, तेलाची बाटली होती आणि लहान मुलीची दोन लंगोटं होती. "पोरले पन देठ खुडाले लावशी का व?" कोणीतरी विचारलं आणि सगळ्या खो खो हसल्या. पोर बरोबर नव्हती. ती दुपारी यायची होती, आजीच्या कडेवर बसून.

दोंडाईच्याच्या बाहेर मोकळ्या मैदानावर लाल मिरची वाळत घालतात, त्या जागेला पथारी म्हणतात. हिवाळाभर तिथं बायकांच्या टोळ्या बसतात. मिरची उलथायची, डागी असेल ती वेगळी काढायची, देठ खुडायचे. रस्त्यानं जाणाऱ्यांना ते लाल मैदान फार देखणं वाटतं, गाड्या थांबवून फोटो काढतात. त्यांना म्हणावं, जरा खाली उतरून मिरचीच्या ढिगापाशी बसा. शिंका संपल्या की मग सांगा किती देखणं आहे ते.

दिपमाला लग्न होऊन आली त्या वर्षापासून या टोळीत होती. तिचा नवरा अमृत स्टेशनवर रिक्षा चालवतो. माणूस भला, पण घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं उत्तर एकच, "आई म्हनी तसं." आई म्हणजे पुष्पाबाई. त्यांनीही उभा जन्म याच पथारीवर काढला होता आणि गुडघे गेले तेव्हाच घरी बसल्या होत्या. रुपलीच्या, म्हणजे नातीच्या जन्मानंतर सहा महिने दिपमाला घरी राहिली. हंगाम सुरू झाला तसा टोळीचा मुकादम लोटन दारात येऊन विचारून गेला, की येणार आहेस की तुझ्या जागी दुसरी घेऊ. दिपमाला म्हणाली, येणार.

तिनं दोन गोष्टी ठरवल्या होत्या. टोळीतली जागा सोडायची नाही आणि पोरीला अंगावरच्या दुधावरून तोडायचं नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस, असं तिला शेजारपाजाऱ्यांनी बजावून झालं होतं. बाईनं काहीही ठरवलं की शेजारपाजाऱ्यांना कुठून एवढं शहाणपण सुचतं कोण जाणे! दिपमाला भांडणारी नव्हती. ती ऐकून घ्यायची, मान डोलवायची आणि आपलं तेच करायची.

पहिल्या दुपारी पुष्पाबाई रुपलीला घेऊन आल्या. दिपमालाची छाती तोवर दगडासारखी घट्ट झाली होती. मिरचीचा हात पोरीला लागू नये म्हणून काय करायचं हे तिला ठाऊक होतं. तिनं हातांना तेल चोळलं, राखेनं घासले, साबणानं धुतले, मग स्वतःच्याच डोळ्याला बोट लावून पाहिलं. झोंबलं नाही. ती पोत्यांच्या थप्पीला टेकून बसली, पोरीला मांडीवर घेतलं आणि रीतीप्रमाणे पदर तिच्या डोक्यावरून ओढून घेतला.

रुपली दोन घोट प्यायली असेल नसेल, अशी किंचाळली की पलीकडचे हमाल वळून बघायला लागले. नाकातोंडातून पाणी, डोळे लाल, चेहरा सुजल्यासारखा. पुष्पाबाईंनी झडप घालून पोर उचलली. दिपमाला उघड्या ब्लाऊजवर हात धरून तशीच बसून राहिली. आपल्या हातून पोरीला विष दिलं गेलं, असंच तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रुपलीनं पथारीवर छातीला तोंडच लावलं नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. घरी पहाटे अर्धवट झोपेत कशीबशी प्यायची, पण दुपारी जवळ घेऊन पदर ओढला की अंग ताठ करून मागं फेकायची. दिपमाला थप्पीमागं जाऊन दूध मातीत पिळून यायची. आपल्याच पोरीचं दूध धुळीत जिरताना बघायचं आणि परत येऊन देठ खुडायचे. वाटीत काढून चमच्यानं पाजून पाहिलं, तर रुपली चमचा जिभेनं बाहेर ढकलायची. डब्याचं दूध एकदा दिलं, ते तिला पचलं नाही. पोट बिघडून पोर दोन दिवस मलूल पडली होती. रोजची दुपार अशीच कोरडी गेली तर आपला पान्हाच आटेल, ही भीती दिपमालाच्या मनात घर करून बसली.

"मिरचीनीच तोडं तिले आते," पुष्पाबाई संध्याकाळी म्हणाल्या. "तू कसाले जीव जाळी राहिनी? बजारना दिन अमृत दुसरा डबा लई यी. हाऊ नही तं तो पची."

अमृतनं अर्थातच मान डोलवली.

दिपमालानंही डोलवली आणि पोरीला न्हाऊ घालायला घेतलं. मन लावून विचार करायला तिला मोरीइतकी निवांत जागा दुसरी नव्हती. हात स्वच्छ होते, डोळ्याला लावून पाहिले होते. मग मिरची आली कुठून? रुपलीचं अंग पुसून झालं तसा तिनं टॉवेल सहज तिच्या डोक्यावरून घेतला. टॉवेल धुतलेला, उन्हात वाळवलेला. रुपली तशीच किंचाळली, अंग ताठ करून, अगदी पथारीवरच्यासारखी.

दिपमालानं टॉवेल काढला. पोर गप्प झाली. पुन्हा घातला. पुन्हा किंकाळी.

तिनं दोरीवर टाकलेल्या कामाच्या साडीचा पदर नाकाशी नेला आणि तिलाच सटासट शिंका आल्या. दिवसभर मिरचीत बसणाऱ्या बाईचा पदर तो. त्याच पदरानं घाम पुसायचा, तोच वाऱ्यानं ढिगावर लोळायचा. हात धुतले, पण पदर कोण धुणार? आणि त्याच पदराखाली तिनं पोरीचा श्वास कोंडला होता. सगळ्या बायका असंच पाजत आल्या, तिच्या आईनंही असंच पाजलं असेल. कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण पदर ही काही संशय घ्यायची गोष्टच नव्हती.

"अक्का," ती सासूला म्हणाली, "तिले मन्हा राग नही. तिले पदरना धाक शे. उद्या मी पदर न झाकता पाजसू."

पुष्पाबाईंच्या हातातली पळी थांबली. "उघडी बसशी? तठे हमाल शेतस, लोटन शे!"

"मंग पोर भूकी ठेवू का?"

पुष्पाबाईंनी भाजी ढवळली. भाजी केव्हाच शिजली होती, तरी बराच वेळ ढवळत राहिल्या. मग चुलीकडे बघतच म्हणाल्या, "अमृतले मी चौथा महिनामाच तोडं. तोबी असाच रडे. तवय लोटनना बाप मुकादम व्हता. त्यानी हाक उनी का उठनं पडे. कोनी म्हने नही, बस व माय, पाजी ले."

अमृत दारात बूट काढत होता. स्वतःबद्दलची ही गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकत होता. एका पायात बूट तसाच ठेवून तो आईकडे बघत राहिला. मग आत गेला आणि आपला लांब बाह्यांचा जुना शर्ट आणून दिपमालाच्या हातात दिला. "हाऊ वरून घाल," म्हणाला, "पाजानी येळले काढी टाक." आई म्हणाली नव्हती, तरी म्हणाला. दिपमालाला त्याचं एवढं कौतुक वाटलं की तिनं त्या रात्री त्याला पापडही भाजून दिला.

सकाळी ती साडीवर शर्ट घालून, पदर शर्टाच्या आत खोचून कामाला बसली. बायकांनी चेष्टा केली, ती हसली आणि खुडत राहिली. दुपारी पुष्पाबाई पोरीला घेऊन आल्या तसं तेल, राख, साबण, सगळं झालं. शर्ट काढून लांब ठेवला. थप्पीला पाठ लावून बसली. समोर सगळी पथारी पसरलेली, पलीकडे हमाल पोती शिवत होते. तिनं पोरीला जवळ घेतलं आणि पदराकडे जाणारा स्वतःचाच हात मांडीखाली दाबून धरला.

रुपलीनं मान फिरवली. परत फिरवली. आईच्या तोंडाकडे पाहिलं. वर निळं आभाळ, डोक्यावर काही नाही. मग तिनं तोंड लावलं आणि घट्ट धरलं. पान्हा असा फुटला की दिपमालाचे डोळे आपोआप मिटले. मिरची नव्हती, तरी त्यांतून पाणी आलं.

डोळे उघडले तेव्हा समोरचं मैदान दिसेना. पुष्पाबाई तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांवर, घरून आणलेली धुतलेली चादर दोन्ही हातांनी ताणून धरून. चादर पोरीपासून चांगली हातभर लांब होती. तोंडावर वारा खात रुपली चुटूचुटू पीत होती.

तेवढ्यात पलीकडून लोटनची हाक आली. "चला व, उठा आते! माल पडेल शे!"

सगळ्या बायका उठल्या. दिपमालाही सवयीनं पोरीला सोडवायला लागली. लोटन ताडताड थप्पीकडे येत होता. पुष्पाबाईंनी त्याला येऊ दिलं. मग चादर तसूभरही न हलवता, अख्ख्या पथारीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांब रे लोटन. पोर पी राहिनी."